जॅझ ऑर्गन शिकायचा तर आधी डावा हात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी १४ वर्षांची आहे, घरच्या भजनात पेटी वाजवते, कीबोर्डच्या ग्रेड परीक्षा चालू आहेत, आणि मध्यंतरी तिनं जिमी स्मिथ हा अमेरिकन जॅझ ऑर्गनवाला ऐकला तेव्हापासून तिला तसला ऑर्गन शिकायचाय. तुम्ही विचारलंय की हे लोक लहानपणी नेमकं काय शिकले, त्यांचं पुढे करिअर कसं झालं, आणि आपण तिच्यासाठी कुठला क्लास, कुठली ग्रेड आणि कुठलं वाद्य बघायचं.

मी पुण्यात कीबोर्ड आणि ऑर्गन शिकवतो, त्याआधी ऑर्केस्ट्रात वाजवायचो आणि त्याच्याही आधी नगरच्या चर्चमधे पायपेटीवर उपासना संगीतातली गाणी वाजवत मोठा झालो, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. पण क्लास आणि ग्रेड हा यातला मुख्य मुद्दा नाहीये असं मला वाटतं. जॅझ ऑर्गनवाला एकटा दोन माणसांचं काम करत असतो. डाव्या हातानं बेस, म्हणजे खालच्या सुरांची चाल, चालवायचा आणि उजव्या हातानं सूर, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), सोलो सगळं करायचं, आणि हे सगळं ड्रमवाल्याला धरून. तेव्हा विचारायचं हे, की तिचा डावा हात कोण तयार करणार आणि ती दर आठवड्याला कुणासाठी वाजवणार. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं शोधता येतं, आणि या नसतील तर कितीही ग्रेड झाल्या तरी त्या संगीताचा रंग येत नाही. अर्थात तुमच्या गावात तिच्या बरोबरीचे वाजवणारे कोण आहेत, तिला कानानं किती उचलता येतं, शाळेतून वेळ किती मिळतो, पैसे किती घालता येतील यावर खूप अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या परिस्थितीला लावून बघा.

आधी वाद्य, कारण याचा बराच गोंधळ असतो. जिमी स्मिथ वाजवायचा तो हॅमंड ऑर्गन, त्यात ना पेटीसारखा भाता ना सुरांच्या पत्त्या (रीड). लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकन इंजिनियर विजेवरची घड्याळं बनवायचा, त्याच घड्याळातली मोटर वापरून त्यानं १९३५ मधे हा ऑर्गन बाजारात आणला. आत दातेरी चाकं फिरतात, बी-३ मॉडेलमधे ९१, प्रत्येक चाकाशेजारी लोहचुंबक आणि कॉइल, त्यातून एकेक सूर निघतो. वर दोन कीबोर्ड प्रत्येकी ६१ पट्ट्यांचे, खाली पायानं वाजवायची २५ पेडल्स, आणि स्वराचा रंग बदलायला ओढायच्या दांड्या, त्यांना ड्रॉबार म्हणतात. हा विकला गेला मुख्यतः चर्चना, कारण खऱ्या पाइप ऑर्गनचा खर्च आणि जागा छोट्या चर्चला परवडणारी नव्हती. म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या चर्चमधे हॅमंड पोचला. तिथला ऑर्गनवाला गाण्याला साथ करतोच पण पाद्रीबुवांच्या प्रवचनालाही करतो, त्यांचा आवाज चढला की हा चढतो, ते थांबले की हा एक छोटी तान टाकून जागा भरतो. आपल्याकडे कीर्तनात पेटीवाला बुवांच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो ना, अगदी तसं. त्या संगीताला जे सोलफुल म्हणतात त्यातला मोठा भाग या साथीतून आलाय असं माझं ठाम मत आहे.

आता जिमी स्मिथ. फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउनचा, जन्म १९२० च्या दशकातला. आईवडील दोघंही पियानो वाजवणारे, वडिलांकडून तो स्ट्राइड पियानो शिकला. स्ट्राइड म्हणजे डावा हात खाली बेसचा सूर मारून लगेच वर कॉर्डवर उडी घेतो आणि परत खाली येतो, पूर्ण गाणंभर. लहान वयातच रेडिओवरच्या स्पर्धेत त्यानं बूगी-वूगी पियानो वाजवून बक्षीस मिळवलं, आणि बूगी-वूगी हा तर सगळा डाव्या हाताचाच खेळ. पुढे नौदलात गेला, परत आल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून फिलाडेल्फियात शिकला, १९४८ मधे हॅमिल्टन स्कूलमधे आणि त्यानंतर ऑर्नस्टीन स्कूलमधे. हॅमिल्टनला तो काय शिकला ते बघा, डबल बेस! ऑर्नस्टीनला पियानो आणि थिअरी. म्हणजे लोक जे सांगतात की हे सगळे न शिकता नुसते देवाच्या देणगीवर वाजवायचे, ते खरं नाही, तो रीतसर शिकलेला माणूस होता. पण शिकता शिकता तो वाजवतही होता, डॉन गार्डनरच्या बँडमधे रिदम अँड ब्लूज, जिथे समोरचे लोक नाचायला आलेले असतात आणि बेस हलला की लगेच कळतं.

ऑर्गनकडे तो वळला वाइल्ड बिल डेव्हिसला ऐकून, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. डेव्हिस ऑर्गनवर अख्खा बिगबँड, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचा आवाज, उभा करायचा, जाडजूड कॉर्ड, मोठा आवाज. स्मिथनं स्वतःचा हॅमंड घेतला, एका गोदामात ठेवला आणि तिथे जवळजवळ स्वतःला कोंडून घेऊन रियाज केला. पेडल्सचं चित्र काढून भिंतीवर लावलं होतं, पायाकडे बघायला लागू नये म्हणून. पण त्यानं डेव्हिसची नक्कल केली नाही, बड पॉवेलसारखे पियानोवाले आणि सॅक्सोफोनवाले ज्या वेगात आणि ज्या एकेरी सुरात वाजवायचे ते त्याला ऑर्गनवर आणायचं होतं. म्हणून त्याचा उजवा हात हवेत फुंकल्यासारखा सुटसुटीत आणि डावा हात सतत चालणारा. १९५६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या स्मॉल्स पॅरडाइज क्लबमधे ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायननं त्याला ऐकलं आणि लगेच रेकॉर्डिंग सुरू झालं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर तो गोदामात जे शिकला ते फक्त ऑर्गन. संगीत आधीच अंगात होतं, डावा हात वडिलांनी लहानपणीच तयार केलेला होता, बेस वेगळा शिकून झाला होता आणि नाचणाऱ्या लोकांसमोर वाजवण्याची सवय होती. तुमच्या मुलीच्या बाबतीत आपण गोदामापासून सुरुवात करायला नको एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे एकट्या स्मिथचं नाही. जिमी मॅकग्रिफ, फिलाडेल्फियाचाच, घरात पियानो होता पण बँडमधे पहिलं काम डबल बेस वाजवायचं. मग काही काळ फिलाडेल्फियाच्या पोलीस खात्यात नोकरी केली आणि त्या दिवसांत ऑर्गनकडे वळला, १९६२ मधे रे चार्ल्स या गायकाच्या एका गाण्याची त्याची ऑर्गनवरची रेकॉर्ड हिट झाली आणि पुढचं आयुष्य ऑर्गनवरच गेलं. त्याचं वाजवणं ऐकताना बेसवाला आतमधे बसलाय हे कळतं, फार सूर नाहीत पण जे आहेत ते बरोबर जागी. शर्ली स्कॉट, १९३४ चा जन्म, तीही फिलाडेल्फियाची, वडिलांचा घराच्या तळघरातच जॅझ क्लब होता, ती पियानो शिकली, शाळेत ट्रंपेट वाजवला, आणि ऑर्गनवर आली ती एका क्लबला ऑर्गनवाला हवा होता म्हणून. १९५५ पासून एडी "लॉकजॉ" डेव्हिस या सॅक्सोफोनवाल्याबरोबर काही वर्षं. तुमच्या मुलीला शर्ली स्कॉट जरूर ऐकवा, एकतर मुलगी म्हणून आणि दुसरं म्हणजे तिच्या बऱ्याच रेकॉर्डमधे वेगळा बेसवाला आहे, त्यामुळे ऑर्गनची साथ कशी असते ते मोकळं ऐकू येतं. म्हणजे डाव्या हाताचा नियमही अगदी दगडावरची रेघ नाही. आणि अगदी अलीकडचा जोई डिफ्रान्सेस्को, १९७१ चा, वडील ऑर्गनवाले, चार वर्षांचा असताना वाजवायला लागला आणि १७ व्या वर्षी माइल्स डेव्हिस या मोठ्या ट्रंपेटवाल्याबरोबर दौऱ्यावर. घर, मोहल्ला, आणि वाजवायला दर आठवड्याची जागा, प्रत्येकाकडे या तिन्हीतलं काहीतरी होतंच.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. ती पेटी वाजवते ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि त्यातच एक अडचणही आहे. जमेची बाजू अशी की हॅमंडवर पट्टी जोरात दाबा किंवा हळू, आवाज तेवढाच येतो, पियानोसारखं नाही. आवाजाचा चढउतार उजव्या पायाखालच्या पेडलनं करायचा. पेटीवरही तसंच, पट्टीनं काही होत नाही, भाता करतो. पियानोकडून आलेल्या मुलांना हे समजवायला मला फार वेळ लागतो, पेटीवाल्यांना नाही. शिवाय पियानोसारखं सूर धरून ठेवायचं पेडल ऑर्गनला नसतं, बोट उचललं की सूर बंद, म्हणून एका बोटावरून दुसऱ्यावर सरकत सूर जोडायचे असतात, ते तिला येत असणारच. अडचण ही की हातपेटीवर डावा हात जन्मभर भात्यावर असतो. म्हणजे जो हात ऑर्गनला सगळ्यात जास्त लागतो तोच कोरा. संगीत नाटकात पायानं भाता मारायच्या ऑर्गनवर साथ करणाऱ्यांना दोन्ही हात मोकळे मिळायचे, मलाही पायपेटीनं तेच दिलं. तुमच्या ओळखीत कुणाकडे चालू पायपेटी पडून असेल तर ती कीबोर्डपेक्षा चांगली सुरुवात होईल हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मी माझ्या विद्यार्थ्यांना जिथून सुरू करतो ते लिहितो. ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक ठरलेला साचा, बारा मात्रांचा नाही तर बारा बारचा, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले चार बार सा च्या कॉर्डवर, मग दोन म च्या, दोन परत सा च्या, मग एक प चा, एक म चा, एक सा चा आणि शेवटी एक प चा जो परत सुरुवातीला नेतो. डाव्या हातानं फक्त हे: सा ग प ध, कोमल नी ध प ग, प्रत्येक मात्रेला एक सूर, दोन बारला पुरतं. म आला की तेच सगळं म ला सा धरून, प आला की प ला सा धरून, एकाच बारचं असेल तिथे फक्त पहिले चार सूर. उजवा हात मांडीवर. मेट्रोनोम (लयीचे टोले देणारं यंत्र) लावा पण त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं समजून वाजवायला सांगा, जॅझमधे टाळी तिथे पडते आणि आपल्याला सम पहिल्यावर असायची सवय असल्यामुळे सुरुवातीला फार जड जातं. घरात कुणीतरी दुसऱ्या चौथ्यावर टाळी दिलीत तर अजून उत्तम. हे चालताना ती शेजारच्याशी बोलू शकली पाहिजे, नाव गाव विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे आणि बेस हलता कामा नये. तोपर्यंत उजवा हात नाही म्हणजे नाही.

मग उजव्या हातात दोनच सूर. सा च्या कॉर्डला ग आणि कोमल नी. म च्या कॉर्डवर गेलात की दोन्ही सूर अर्धा सूर खाली येतात, कोमल ग आणि ध. प च्या कॉर्डवर गेलात की मूळ जागेपासून दोन्ही अर्धा सूर वर, शुद्ध म आणि शुद्ध नी. एवढ्यात पूर्ण ब्लूज झाला. हात जवळपास हलतच नाही आणि तरी कॉर्ड बदललेली लख्ख ऐकू येते, मुलांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. यानंतर तिनं गावं. खरंच, आधी तोंडानं एक छोटी ओळ गायची आणि मग ती उजव्या हातानं वाजवायची, डावा हात चालूच. सोलो तिथून येतो.

पायाच्या पेडल्सचं विचारलंत तर ते नंतर. बऱ्याच जॅझ ऑर्गनवाल्यांचा बेस मुख्यतः डाव्या हातातच असतो, डावा पाय पेडलला हलका ठोका देऊन त्या सुराला धार आणतो, आणि संथ गाण्यात पाय जास्त काम करतो. चर्चमधले वाजवणारे पायानं पूर्ण बेस वाजवतात, तो वेगळा अभ्यास आहे. वर्ष दोन वर्षं तरी याची काळजी करू नका.

वाद्य कुठलं घ्यायचं. खरा जुना बी-३ परदेशातून आणायच्या फंदात पडू नका. बेंच आणि पेडल्ससकट तो दोनशे किलोच्या आसपास भरतो, त्याचा फिरत्या शिंगाचा लेस्ली स्पीकर वेगळा, आणि दुरुस्ती करणारा माणूस मिळणं अवघड. अजून एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, त्याची मोटर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला तरी फ्रीक्वेन्सी बदलत नाही, मग चाकं हळू फिरतात आणि सगळा ऑर्गन तीन अर्ध्या सुरांपेक्षा जरा जास्तच उतरतो, सा दाबला की खालच्या धैवताच्याही थोडा खाली आवाज येतो. त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. आज डिजिटल ऑर्गन चांगले मिळतात आणि ते हातात उचलून नेता येतात. घेताना तीन गोष्टी बघा: खरे सरकणारे नऊ ड्रॉबार, कीबोर्डचे दोन भाग करून (याला स्प्लिट म्हणतात) डाव्या हाताला वेगळा बेस लावता येणं, आणि आवाजाचं पायाचं पेडल. ६१ पट्ट्या पुरतात. आणि हे सुद्धा लगेच नको, आत्ता घरात जो कीबोर्ड आहे त्यावर स्प्लिट करून सहा महिने बेस चालवू दे, टिकली तर घ्या. जिमी स्मिथचा तो नेहमीचा आवाज हवा असेल तर पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकीचे आत, पर्कशन (सुराच्या सुरुवातीला टणत्कार देणारी सोय) चालू, आणि त्याची बटणं थर्ड हार्मोनिक, फास्ट, सॉफ्ट वर. फक्त लक्षात ठेवायला सांगा की पर्कशनचा तो टणत्कार सगळी बोटं उचलून परत दाबली तरच येतो, सूर जोडून वाजवले की पहिल्याच सुराला येतो. म्हणजे कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं हा इथे शोभेचा प्रश्न राहत नाही.

करिअरबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. त्या लोकांना काम मिळालं त्यामागे पैशाचं गणित होतं, ऑर्गन, गिटार किंवा सॅक्सोफोन आणि ड्रम एवढ्या तिघांत क्लब भरून जायचा, बेसवाल्याचे पैसे वाचायचे. स्मिथ ब्लू नोटवर दणादण रेकॉर्ड करत गेला, १९६२ पासून व्हर्व्ह कंपनीकडे मोठ्या बँडबरोबर, १९६६ मधे वेस माँटगोमेरी या गिटारवाल्याबरोबर. आणि मग १९७० च्या दशकात हलके सिंथेसायझर आले, बी-३ चं उत्पादनच त्या दशकाच्या मध्यात थांबलं, कामं आटली. स्मिथसारख्या माणसानं त्या काळात लॉस एंजेलिसच्या उत्तर भागात स्वतःचा सपर क्लब, म्हणजे जेवण आणि संगीताचा क्लब, चालवला. नंतर परत लोक वळले, १९८७ मधे मायकल जॅक्सनच्या एका गाण्यात त्याचा ऑर्गन सोलो आहे, २००५ मधे अमेरिकेचा जॅझमधला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी तो गेला. शर्ली स्कॉट उतारवयात पेनसिल्व्हेनियातल्या चेनी विद्यापीठात शिकवायची. म्हणजे यात उतार येतातच, आणि उतारात ज्यांना वाचता येतं, साथ करता येते, शिकवता येतं ते टिकतात. म्हणून ग्रेड परीक्षा बंद करू नका, नोटेशन वाचता येणं उद्या स्टुडिओत आणि थिएटरमधे उपयोगी पडतं. गोव्याच्या चर्चच्या शाळांमधे शिकलेली मुलं मुंबईत येऊन जॅझ बँडमधे आणि मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरली ती त्या वाचनाच्या जोरावरच. आपल्याकडे फक्त जॅझ ऑर्गनवर पोट भरेल असं मी सांगणार नाही, पण जिला बेस, साथ आणि वाचन तिन्ही येतं अशी कीबोर्डवाली बिनकामाची बसलेली मी पाहिलेली नाही.

तर थोडक्यात आत्तापुरतं: ग्रेड चालू ठेवा, डाव्या हाताला रोज वेळ द्या, नवीन वाद्य थांबवा, आणि भजन अजिबात सोडू देऊ नका. उलट भजनातच तिला दुसरं काम द्या. गाणारे रंगात आले की पेटीवर दुसरं कुणीतरी बसू दे आणि तिनं कीबोर्डवर डाव्या हातानं नुसता खालचा बेस धरावा, तबल्याला धरून. तिथे चुकलं की गाणाऱ्यांचे चेहरे लगेच सांगतात.

ऐकायला आधी जिमी स्मिथचं १९६० मधे रेकॉर्ड केलेलं बॅक ॲट द चिकन शॅक द्या, आणि पहिल्या वेळी तिला उजव्या हाताकडे लक्षच देऊ नको म्हणावं, फक्त बेस गुणगुणायचा, शेवटपर्यंत. घरात कुठला कीबोर्ड आहे त्याचं मॉडेल इथे लिहा, बहुतेकांवर स्प्लिट करता येतं, कसं करायचं ते मी सांगतो.